शुगर उतरली, मांड्याही उतरल्या

प्रश्न असा आहे: "बाबा ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. १२ वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. दोन वर्षांपूर्वी भात, दूध, गोड सगळं सोडलं. रोज सकाळी तासभर चालतात. वजन ७० वरून ६१ किलो झालं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ वरून ६.७. सगळे कौतुक करतात. पण गेल्या महिन्यात घरच्या पूजेला पाटावर बसले आणि उठताच येईना, दोघांनी धरून उठवावं लागलं. एसटीत चढतानाही दांडा धरून अंग वर ओढून घेतात. चालणं वाढवायला सांगू का? प्रोटीन पावडर द्यावी का? कुणी म्हणतं जिमला न्या; या वयात वजनं उचलणं बरं का?"

चालणं वाढवू नका. आहे तेही एका दमात नको, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. पावडर हा सगळ्यात शेवटचा मुद्दा. वजनं उचलायची का, तर हो, उचलायची. फक्त सुरुवात डंबेलपासून होणार नाही, घरातल्या खुर्चीपासून होईल.

आधी त्या नऊ किलोंचा हिशेब लावू. वजनकाट्याला चरबी आणि मांस यातला फरक कळत नाही. उतारवयात नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, तो मुख्यतः स्नायूंचा असतो. ताटातून दूध-डाळी गेल्या असतील तर त्याहून जास्त. म्हणजे बाबांचे दोन-अडीच किलो तरी तिथून गेले असं धरा, आणि त्यातला मोठा वाटा मांड्या-कुल्ह्यांचा. पँट कमरेला सैल झाली हे सगळ्यांना दिसलं. मांडीवर किती सैल झाली ते आज बघा.

आणि सगळं वजन पथ्यामुळेच उतरलं असंही धरून चालू नका. वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं तर डॉक्टरने थांबायला हवं: थायरॉइड वाढलाय का, टीबी आहे का, कुठे गाठ आहे का, मन उदास आहे का. आणि हमखास विसरला जाणारा प्रश्न म्हणजे दात. कवळी टोचते म्हणून भाकरी दुधात कुस्करून गिळणारे, शेंगदाणे-उसळी टाळणारे कितीतरी आजोबा मी पाहिलेत, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बाबांनी स्वतःहून खाणं सोडलंय म्हणून मी लगेच घाबरणार नाही, पण पथ्य सैल केल्यावरही काटा खालीच जात राहिला तर तपासण्या करून घ्या.

मी तालुक्याच्या गावात २८ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करते आहे. पहिली दहा-बारा वर्षं मीही वजन उतरलेल्या पेशंटची पाठ थोपटायचे. एक आजी होत्या. रिपोर्ट दाखवायला हौसेने यायच्या, एचबीएवनसी ६.३, पथ्य इतकं कडक की घरातल्या हळदीकुंकवाचं तिळगूळसुद्धा तोंडात घालायच्या नाहीत. पहाटे बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर वर्ष काढलं नाही त्यांनी. फाइल पुन्हा उघडली तर चार वर्षांत ५४ किलोवरून ४५, आणि जवळपास दर भेटीला माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'वजन कमी, छान'. तेव्हापासून माझ्या ओपीडीत वजनकाट्याशेजारी बिनहाताची एक लाकडी खुर्ची असते.

शुगर आणि मांड्या यांचा संबंध काय, हे बाबांना समजावून सांगा. शिक्षक आहेत, कारण पटल्याशिवाय करणार नाहीत. जेवणातली साखर रक्तात आली की ती कुठेतरी साठवावी लागते. इन्शुलिन शिरेतून देऊन केलेल्या मोजमापांत दिसलं आहे की इन्शुलिनच्या जोरावर रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास साखर स्नायू उचलतात. रोजच्या जेवणानंतर यकृतही आपला वाटा घेतं, पण सगळ्यात मोठं कोठार स्नायूंचंच. या कोठाराला दोन दारं आहेत. एक इन्शुलिनने उघडतं, आणि मधुमेहात तेच गंजलेलं असतं. दुसरं दार स्नायू जोर लावून आकसला की उघडतं. त्यासाठी इन्शुलिनची गरज लागत नाही, आणि १२ वर्षांच्या मधुमेहातही ते चालू असतं. बाबांनी धान्य कमी आणलं म्हणून अंगणात सांडलं नाही एवढंच, पण त्याच काळात कोठार लहान होत गेलं. हे असंच चाललं तर वर्षा-दोन वर्षांत आत्ताएवढंच खाऊनही साखर वर सरकेल, मग अजून अर्धी भाकरी कमी होईल, मग अजून थोडी मांडी. या गाड्याला कुठेतरी खीळ घालायला हवी.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त बिकट आहे, कारण आपली सुरुवातच कमी भांडवलावर होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघंही शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवरही याज्ञिकांच्या गटाने काम केलं आहे. आपली बाळं वजनाला हलकी असतात, पण त्या वजनात चरबी तुलनेने टिकून असते आणि कमी पडतात ते स्नायू. म्हणून 'बाबा तर सडपातळ आहेत' या वाक्याला मी फारशी किंमत देत नाही. हातापायांच्या काड्या आणि पुढे छोटी ढेरी, हे आपल्याकडच्या मधुमेहाचं ठरलेलं रूप आहे.

स्नायू वयानेही झिजतात. अमेरिकेतल्या डॉ. अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला १९८०च्या दशकाच्या शेवटी 'सार्कोपेनिया' हे ग्रीक नाव सुचवलं. सार्क म्हणजे मांस, पेनिया म्हणजे कमतरता. पण मांसापेक्षा ताकद फार वेगाने जाते. सत्तरीनंतर स्नायूंचं आकारमान वर्षाला साधारण एक टक्का घटतं, ताकद मात्र तीन टक्क्यांच्या आसपास. कारण स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीही कमी होत जातात, आणि सगळ्यात आधी जातात ते झटपट जोर लावणारे तंतू. ठेच लागल्यावर दुसरा पाय पटकन पुढे टाकायला आणि एसटीच्या उंच पायरीवर अंग उचलायला हेच लागतात. मधुमेहात ही घसरण आणखी वेगाने होते. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या अमेरिकी लोकांची तीन वर्षांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा मधुमेहींच्या मांडीची ताकद इतरांपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने जास्त घटलेली निघाली.

आता खुर्ची आणा. बैठक साधारण गुडघ्याच्या उंचीला हवी आणि पाठ भिंतीला टेकलेली. प्लास्टिकची खुर्ची नको, ती फरशीवर सरकते. बाबांना दोन्ही हात छातीवर घडी करून बसवा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसायला सांगा. मोबाइलवर वेळ लावा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंचं काम उणं पडतंय. हात न लावता एकदाही उठता आलं नाही तर सेकंद मोजायची गरजच नाही. मग पोटरीचा सगळ्यात जाड भाग शिंप्याच्या टेपने मोजा: पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली, बायकांत ३३ च्या खाली असेल तर शंका घ्यायची. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी म्हणजे सहा मीटरला सहा सेकंदांहून जास्त. एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे पकड मोजायचं यंत्र असेल तर तेही करून घ्या. पुरुषांत २८ किलो आणि बायकांत १८ किलो ही खालची मर्यादा आहे. पकडीचं कुणाला हसू येतं, पण भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांच्या पाहणीत, दर पाच किलो कमी पकडीमागे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला होता. पकड वाढवली म्हणजे आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, रबरी चेंडू दाबत बसू नका. अख्ख्या अंगातल्या ताकदीचा अंदाज तळहातातून येतो, एवढाच त्याचा अर्थ.

सेकंदांचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. मला तो एचबीएवनसीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

चालण्याने हे का झालं नाही? चालणं हृदयाला, रक्तदाबाला, झोपेला, मनाला उत्तम आहे आणि बाबांनी ते सोडावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीला तेवढाच भार पडतो जेवढ्याची तिला आयुष्यभर सवय आहे. ते झटपट तंतू त्यात जागेच होत नाहीत. अमेरिकेत १६० लठ्ठ ज्येष्ठांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेसाठीचा एक गट सोडून बाकीच्यांचं वजन उतरवायचं होतं; एका गटाला चालण्यासारखा व्यायाम, एकाला ताकदीचा, एकाला दोन्ही. वजन सारखंच उतरलं. पण नुसतं चालणाऱ्यांचं चरबीविरहित वजन पाच टक्के गेलं, ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांचं दोन टक्के. उठणं-बसणं-चढणं यात सगळ्यात जास्त सुधारणा दोन्ही करणाऱ्यांत झाली. बाबांनी यातला पहिला गट दोन वर्षं इमानदारीने चालवला, त्यात त्यांची चूक नाही. 'चाला' एवढंच सांगून आम्ही डॉक्टर मोकळे होतो.

'या वयात' हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून बोस्टनची गोष्ट सांगते. १९९० साली मारिया फिआटारोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका वृद्धनिवासातल्या दहा जणांना आठ आठवडे मांडीसाठी वजनं उचलायला लावली. हलकी नव्हेत, प्रत्येकाच्या कमाल ताकदीच्या जवळपास ८० टक्के. सरासरी वय ९०. नऊ जणांनी प्रयोग पूर्ण केला, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. दोघांची काठी सुटली. व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत त्या ताकदीतला बत्तीस टक्के भाग परत गेला, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. चार वर्षांनी त्याच गटाने शंभर ज्येष्ठांवर मोठा प्रयोग केला, त्यात काहींना नुसतं पौष्टिक पेय दिलं. व्यायामाशिवाय नुसत्या पेयाने ताकद वाढली नाही. तुमच्या पावडरच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

बाबा ७१ चे आहेत. बोस्टनच्या मंडळींच्या मानाने पोरगेच.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा तास. पहिला आणि मुख्य व्यायाम म्हणजे खुर्चीतली उठबस. हात न लावता उठता येत नसेल तर बैठकीवर घडी केलेली चादर किंवा उशी ठेवून उंची वाढवा. पाय खांद्याइतके फाकवून, टाचा थोड्या मागे घेऊन, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं आणि उठायचं. बसताना धपकन नाही. तीन मोजत सावकाश. खरं काम त्या सावकाश बसण्यात होतं. आठ-दहा वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ-दहा, जमलं तर तिसऱ्यांदा. शेवटच्या दोन वेळा 'आता बास' वाटलं पाहिजे. सहज झालं, गप्पा मारत झालं, तर तो व्यायाम आता हलका पडतोय. मग उशी काढा. उशीशिवाय सोपं झालं की हातात ओझं द्या: कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी छातीशी धरून. दर दोन आठवड्यांनी अर्धा किलो. ज्वारी मोजून घालता येते म्हणून मला डंबेलपेक्षा ती जास्त आवडते.

बाकीचं थोडक्यात. स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून एकेका पायाने चढणं-उतरणं. भिंतीला हात टेकून जोर काढणं. जमिनीवरच्या जोरांसारखेच, फक्त उभ्याने. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही कोपर मागे ओढणं. शेवटी ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, आणि हा शेवटचा तोलाचा भाग जमेल तर रोज. तालमीत जोर-बैठका घालणाऱ्या पिढीला यातलं नवं काहीच नाही. सूर्यनमस्कार घालता येत असतील तर छानच, पण ज्यांना पाटावरून उठता येत नाही त्यांना पहिल्या दिवशी सूर्यनमस्काराला लावू नका, गुडघे आणि मनगटं दोन्ही बोंबलतील.

जोर लावताना श्वास रोखायचा नाही, मोठ्याने अंक मोजायचे. मोजणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर ते ठीक, गुडघ्याचा सांधा सुजला किंवा ठणकला तर उंची वाढवा, वेळा कमी करा, पण सोडू नका. गुडघे झिजलेत म्हणून उठबस बंद, हे मी रोज ऐकते. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा ताण कमी होतो. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना मात्र भेटायचंच आहे: छातीत भरून येत असेल, रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हर्निया असेल, किंवा डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने नाजूक रक्तवाहिन्या फुटल्या असतील, तर जोराचे व्यायाम थांबवून आधी त्यावर उपचार. पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती आधी करा. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी व्यायाम नको.

आता गोळ्या. ग्लिमेपिराइड घेऊन, अर्धपोटी राहून एचबीएवनसी ६.७ आणणं ७१ व्या वर्षी मला कौतुकाचं वाटत नाही. ही गोळी साखर किती आहे ते न बघता इन्शुलिन सोडायला लावते. व्यायामाने साखर आणखी खाली येईल. पहाटे घाम सुटणं, हात थरथरणं, चिडचिड, वाईट स्वप्नं पडणं असं काही होतं का ते विचारा. हे साखर उतरल्याचं लक्षण असू शकतं, आणि साखर उतरून पडणं हे साखर वाढून पडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा मी पाहिलं आहे. गोळी तुम्ही स्वतः बंद करू नका, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा की व्यायाम वाढवतोय, डोस कमी करायचा का. धडधाकट ज्येष्ठांत ७ ते ७.५ पर्यंतचा आकडाही चालतो. व्यायामाआधी साखर १०० च्या खाली दिसली तर आधी काहीतरी खायचं, आणि खिशात ग्लुकोजची पुडी. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे आणि दूधही बंद, म्हणजे बी-१२ तपासलंच पाहिजे. ते कमी असेल तर पायातला जोर आणि तोल दोन्ही जातात आणि त्यावर कितीही उठबशा काढल्या तरी फरक दिसत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, पण वर्षाचा कोटा एकदम घेऊ नका. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला, तर पडण्याचं प्रमाण उलट वाढलं.

'ताकदीची सलाईन' लावून घेणारे आमच्याकडे अजूनही येतात. त्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. पाच चमचे साखरेचं पाणी, शिरेतून, तेही मधुमेह्याला. आणि हल्लीची वजन उतरवायची इंजेक्शनं, जी २०२५ मध्ये आपल्या बाजारात गाजावाजा होऊन आली, ती काही लठ्ठ मधुमेह्यांना फार उपयोगी आहेत, पण ६१ किलोच्या या माणसासाठी ती नाहीत. कुणी सुचवलं तर हा सगळा इतिहास सांगा.

खाण्याकडे येऊ. वयस्क माणसाला किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे बाबांना ६१ ते ७३ ग्रॅम. बाबांचं ताट मी पाहिलेलं नाही, पण असं पथ्य करणाऱ्यांचं ताट मला पाठ आहे. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग थोडे पोहे, दुपारी एक भाकरी, पालेभाजी, पातळ वरणाची वाटी, रात्री एक भाकरी आणि भाजी. बेरीज करा. भाकरीचे ६ प्रमाणे १२, वाटीत २० ग्रॅम डाळ असेल तर साडेचार, भाज्या-पोहे-चहा मिळून दहा-बारा. तीसच्या आत. निम्म्यालाही पोचत नाही. त्यातही वयस्क स्नायू जरा बहिरा असतो. तरुण स्नायू थोड्याशा प्रथिनांनाही ओ देतो, म्हाताऱ्याला एका जेवणात २०-२५ ग्रॅम एकदम मिळाले तर तो कामाला लागतो. म्हणून दिवसभर चिमूट चिमूट खाण्यापेक्षा तिन्ही वेळा भरभक्कम.

दूध परत सुरू करा. बिनसाखरेच्या कपभर दुधाने शुगर भडकत नाही. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, १८-१९ ग्रॅम झाले. अंडी चालत नसतील तर साठ ग्रॅम हिरव्या मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही, तेही तेवढंच. दुपारी वरण इतकं घट्ट की पळी टाकली तर लगेच बुडता कामा नये, सोबत मटकीची किंवा चवळीची उसळ, दही, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी. रात्री ५० ग्रॅम बेसनाचं पिठलं, किंवा पनीर शंभर ग्रॅम, किंवा सोयाचे गोळे ३० ग्रॅम, ज्यात एकट्यात १५ ग्रॅम प्रथिनं असतात. मासे खाणारं घर असेल तर मग काही सांगायलाच नको. एकादशी करत असतील तर साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो, प्रथिनं नावालाही नाहीत. राजगिरा, दाणे, दही, दूध यावर उपास काढा. भाकरी एकवरून पुन्हा दीडवर न्यायला माझी हरकत नाही, व्यायाम करणाऱ्याला इंधन हवं.

हे सगळं करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. १२ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो. मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग (रिपोर्टमध्ये ईजीएफआर) ६० च्या खाली असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि ३० च्या खाली असेल तर वरचा हिशेब बाजूला ठेवा. पावडर वाईट नाही. ती वाळवलेलं अन्नच आहे. आजारपणात खाणं जात नसेल, दात नसतील, तर एक वेळ चालेल. पण दरमहा तिच्यावर जे पैसे जातील त्यात अंडी, दही, मूग किती येतात ते एकदा काढून बघा.

राहिला चालण्याचा तास. त्याचे तीन तुकडे करा, प्रत्येक जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. अमेरिकेत साठीपुढच्या, साखर काठावर असलेल्या दहा जणांवरच्या एका छोट्या प्रयोगात, २०१३ मध्ये, तीन जेवणांनंतरचं पंधरा पंधरा मिनिटं चालणं दिवसभराच्या साखरेसाठी सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच गुणाचं ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेसाठी त्याहून सरस. आपल्या आज्यांनी याला शतपावली म्हटलं होतं, फक्त पावलं शंभराहून जास्त टाका. ताकदीच्या व्यायामाला सकाळची वेळ मोकळी झाली.

पहिल्या तीन आठवड्यांत जी ताकद वाढेल ती मज्जासंस्था जागी झाल्याने; मांडी भरायला दोन-तीन महिने लागतात. वजन एक-दोन किलोने वाढलं तर घाबरून पुन्हा भाकरी तोडू नका. एचबीएवनसीवर नुसत्या ताकदीच्या व्यायामाचा परिणाम साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, फार मोठा नाही. बाबांच्या बाबतीत मला तेवढ्याच आकड्यावर एक गोळी कमी झालेली जास्त आवडेल. बारा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर पुन्हा वेळ लावा.

आजारपणाबद्दल एक सांगायचं राहिलं. धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला होता. चिकनगुनिया, न्यूमोनिया, मोतीबिंदूचं ऑपरेशन, काहीही असो, 'बाबा, पडून राहा, आम्ही सगळं हातात देतो' हे प्रेम महागात पडतं. ताप उतरला की त्याच दिवशी खुर्चीत बसवायचं, जेवण खुर्चीत, संडासला चालत. कमोडशेजारी भिंतीत दांडा बसवून घ्या, मात्र तो बाबा पडू नयेत म्हणून आधाराला. ओढून उठायची सवय लागली की मांड्यांना सुट्टी मिळते.

आणि प्रश्नात आई कुठेच नाही. बायकांकडे मुळात स्नायू कमी, पाळी गेल्यावर ते आणखी वेगाने जातात, आणि ज्या घरात बाबांचं पथ्य चालतं तिथे आईही तेच अर्धं ताट जेवते, तेही सगळ्यांच्या नंतर. घरात दिवसभर कामात असते म्हणजे व्यायाम झाला असं समजू नका. पूर्वी जातं, उखळ, विहिरीचं पाणी होतं, आता मिक्सर आणि नळ आहे. बाबांची वेळ लावून झाली की ती खुर्ची हलवू नका, आईलाही बसवा.